जागा आणि हक्क : 'वाडा चिरेबंदी'मधील सहनिवासाचा प्रश्न

१

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही दोन नाटके लिहून लेखकाने धरणगावच्या देशपांडे घराण्याची कथा पूर्ण केली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'साठी ही त्रयी सलग सादर केली, आणि 'युगान्त'ला २००२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेल्या आणि नागपुरात स्थिरावलेल्या या नाटककाराची ही कृती आज विद्यापीठीय अभ्यासक्रमांत, संशोधनप्रबंधांत आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांत पक्की बसली आहे. तिच्याबरोबर तिचे एक वाचनही पक्के बसले आहे : हे नाटक म्हणजे एकत्र कुटुंबपद्धतीच्या विघटनाची शोकान्तिका होय.

या सूत्रात तथ्य नाही असे नाही. वाड्याच्या भिंती ढासळत आहेत, शेती तोट्यात आहे, दारात नादुरुस्त ट्रॅक्टर उभा आहे, मधला मुलगा मुंबईला स्थायिक झाला आहे. ऱ्हासाची ही चिन्हे संहितेत जागोजागी पेरलेली आहेत आणि नाटकाचा सूर शोकाचा आहे. परंतु 'विघटन' हा शब्द उच्चारताच तीन गोष्टी न तपासता मान्य केल्या जातात. मोडण्यापूर्वी तेथे काही अखंड होते, ही पहिली. ते अखंड त्यातील सर्वांचे सारखेच होते, ही दुसरी. आणि ते मोडल्याने सर्वांची सारखीच हानी झाली, ही तिसरी. नाटकाची संहिता या तिन्ही गृहीतांना दुजोरा देत नाही. तात्याजींच्या मृत्यूनंतर वाड्यात जी माणसे उरतात, ती वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या नात्यांची आणि मुख्य म्हणजे वेगवेगळ्या पात्रतेची माणसे आहेत. प्रौढ माणूस एखाद्या घरात कोणत्या अधिकाराने राहतो, आणि त्या अधिकाराचे त्याला प्रत्यक्षात मिळालेल्या जागेशी काय नाते असते, हा प्रश्न या नाटकाच्या रचनेचा कणा आहे. विघटनाच्या सूत्राने नेमका हाच प्रश्न झाकला जातो.

२

या प्रश्नाची मांडणी करण्यापूर्वी दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. भारतीय समाजशास्त्रात 'घर' आणि 'कुटुंब' यांतील भेद दीर्घ चर्चेनंतर प्रस्थापित झाला. इरावती कर्वे यांनी १९५३ साली नातेसंबंधांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, त्यांत एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलधर्म आणि परस्परांतील नाते ही सर्व एकत्र येतात. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा या गावाच्या १९६४ सालच्या अभ्यासात एकत्रपणाची कसोटी निवासावरून संबंधांवर आणली : वेगळ्या छपराखाली राहणारी माणसेही मालमत्ता, कर्तव्य आणि व्यवहार यांनी एकत्र असू शकतात. ए. एम. शहा यांनी १९७३ साली हा भेद अधिक काटेकोर केला. त्यांच्या प्रतिपादनानुसार एका चुलीवर जेवणारा गट म्हणजे घर, आणि तो नात्यांच्या विस्तृत जाळ्याचा एक भागच असतो. घर लहान झाले याचा अर्थ कुटुंब मोडले असा होत नाही, आणि घर मोठे असले म्हणजे त्यातील नाती शाबूत आहेत असेही ठरत नाही. जनगणनेतही 'घर' मोजले जाते ते सामाईक स्वयंपाकावरून.

मराठी भाषेला हा भेद शास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. 'बिऱ्हाड' हा शब्द तात्पुरत्या किंवा भाड्याच्या निवासाचा. बिऱ्हाड हलवता येते, वाडा हलवता येत नाही. 'संसार' हा जोडप्याचा असतो आणि तो एकाच वाड्यात चार जोडप्यांचे चार असू शकतात. 'कुटुंब' हा शब्द समूहासाठी येतो आणि जुन्या वळणाच्या बोलण्यात पत्नीसाठीही येतो. समूह आणि त्याला राबून चालवणारी व्यक्ती यांना एकाच शब्दात बसवण्याची ही सोय विचार करायला लावणारी आहे. मोठ्या एकत्र कुटुंबासाठी 'खटले' असा शब्द आहे आणि न्यायालयातील दाव्यासाठीही तोच आहे. त्या दोन अर्थांमधले अंतर 'वाडा चिरेबंदी'त फार कमी उरते.

कर्वे यांनी सांगितलेली लक्षणे नाटकातील परिस्थितीला लावून पाहिली, तर ती एकमेकांपासून सुटी होताना दिसतात. सुधीर आणि अंजली यांची चूल मुंबईत आहे. मालमत्तेत सुधीरचा वाटा आहे. चंदूची चूल वाड्यातच आहे. मालमत्तेविषयी त्याला कोणी विचारत नाही. नाटकाचा काळ तात्याजींच्या मृत्यूनंतरच्या सुतकाच्या दिवसांचा आहे, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे. घर आणि कुटुंब यांची व्याप्ती एक होण्याचा हा एकमेव प्रसंग : सर्व एका छपराखाली, एका चुलीवर, एका अशौचात. सुतकाचा नियम माणसांची मोजणीही करतो. विवाहित मुलीला आईवडिलांचे सुतक तीन दिवसांचे, अविवाहित मुलीला मुलांप्रमाणे पूर्ण दिवसांचे. म्हणजे प्रभा या मोजणीत पूर्ण सभासद आहे, पण लग्न झालेले नाही या अटीवर. ही अट पुढे आणखी एका ठिकाणी भेटेल.

३

वाड्यातील माणसांचे 'हक्क' आणि 'जागा' या दोन निकषांवर वाचन केले, तर नाटकाची एक निराळी रचना दिसू लागते.

भास्करजवळ हक्क आहे आणि जागाही आहे. तो थोरला आहे. तात्याजींच्या पश्चात कर्तेपण त्याच्याकडे येते. परंतु या कर्तेपणात भोगण्यासारखे फारसे उरलेले नाही. तेराव्याचा खर्च कसा भागवायचा, गावात घराण्याची अब्रू कशी राखायची, हे प्रश्न त्याच्या वाट्याला येतात. एलकुंचवार त्याला खलपुरुष करत नाहीत, आणि हा त्यांच्या दृष्टीचा समतोल आहे. सुधीरजवळ हक्क आहे पण वाड्यात जागा नाही. तो पाहुण्यासारखा येतो, हिशेबासारखा बोलतो आणि परत जातो. त्याची पत्नी अंजली कोकणस्थ आणि शहरी. वाड्याच्या दृष्टीने तिला हक्कही नाही आणि जागाही नाही. त्यामुळे वाड्याविषयी ती सर्वांत मोकळेपणाने बोलू शकते.

वहिनीची स्थिती याच्या उलट आहे. वाडा चालतो तो तिच्या हातांवर, पण सून म्हणून वाड्यावर तिचा स्वतःचा असा हक्क नाही. रात्री आपल्या खोलीत घराण्याचे दागिने अंगावर घालणारी वहिनी हा या नाटकातील सर्वांत गाजलेला प्रसंग. त्याची चर्चा बहुधा वैभवाच्या अखेरच्या झळाळीच्या अंगाने होते. वहिनीच्या बाजूने पाहिले तर त्यात निराळे काही दिसते. जे सोने कधीच तिचे नव्हते आणि तिचे होईल याची खात्री नाही, ते ती काही क्षण अंगावर वागवते, तेही दार लावून. ताबा आणि मालकी यांतील अंतर येथे रंगमंचावर दृश्यरूप घेते. पुढे ते सोने घेऊन तिचीच मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते आणि सोने परत येत नाही. या घटनेला नीतीच्या घसरणीचे उदाहरण मानले जाते. परंतु रंजू ही वाड्यातील स्त्रियांच्या रांगेतली शेवटची आहे : दादी, आई, वहिनी, प्रभा आणि ती. तिच्या आधीच्या चौघींना वाड्याबाहेर जाण्याची वाट मिळालेली नाही. शिकून बाहेर पडण्याची वाट प्रभाला नाकारली गेली. रंजू बाहेर पडते ती फसण्याच्या वाटेने. दोन पिढ्यांच्या या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे रंजूचे कृत्य केवळ अल्लडपणाचे राहत नाही.

आता उरतात दोन माणसे, आणि विघटनाच्या वाचनात त्यांना 'दुय्यम पात्रे' म्हटले जाते. चंदू हा धाकटा मुलगा. जन्मसिद्ध हक्काच्या हिशेबाने तो भास्कर आणि सुधीर यांच्या बरोबरीचा. प्रत्यक्षात तो या घराचा बिनपगारी गडी आहे. दादीला उचलून नेणे-आणणे, पडेल ते काम करणे हे त्याचे आयुष्य. त्याच्या पायाची जखम चिघळत जाते आणि तिच्याकडे पाहायला घराला सवड होत नाही. प्रभा ही लग्न न झालेली मुलगी. तिला शिकायचे होते; घराण्याच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेने ते होऊ दिले नाही. लग्नही झाले नाही. आता तिच्याजवळ वाड्यातील एक खोली आहे आणि पुस्तके आहेत. चंदूला हक्क आहे पण त्याची जागा गड्याची आहे. प्रभाला जागा आहे पण तिच्या हक्काचा विषय कोणी काढत नाही. ही दोन पात्रे परस्परांच्या उलट्या प्रतिमा आहेत आणि दोघांनाही स्वतःचा 'संसार' नाही. एकत्र कुटुंबाचे पोट ज्या श्रमांवर भरते आणि विभक्त कुटुंबात ज्यांना खोलीच नसते, अशी ही माणसे. कुटुंब टिकले तरी ती हरतात, मोडले तरी ती हरतात. शोकान्तिका शोधायची तर ती येथे आहे.

४

ही रचना नाटककाराने कायद्याची पुस्तके समोर ठेवून केली असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही नाटक ज्या साली आले त्या सालचा कायदा पाहणे उद्बोधक ठरते, कारण रंगमंचावरील मौनाचा अर्थ त्याने अधिक स्पष्ट होतो.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत मुलगे, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना स्थान दिले. मृत्युपत्र नसेल तर वडिलोपार्जित मालमत्तेतील मृताचा स्वतःचा हिस्सा या वारसांकडे जातो. तात्याजींच्या घरात याचा अर्थ असा की पडदा उघडतो त्या क्षणी दादी, आई आणि प्रभा या तिघी वारस झालेल्या आहेत. खाटेवर पडून पुनःपुन्हा वेळ विचारणारी दादी ही कायद्याच्या दृष्टीने आपल्या मुलाची वारस आहे. नाटकातील वाड्याच्या भवितव्याची बोलणी मात्र प्रामुख्याने भावांच्या तोंडी येतात.

याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आणखी एक तरतूद होती. मृताचे कुटुंबीय राहत असलेल्या घराच्या बाबतीत, पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवीपर्यंत स्त्री वारसाला वाटणी मागता येत नसे. तिला राहण्याचा हक्क मात्र होता. आणि ती मुलगी असेल तर तो अविवाहित, विधवा, पतीने सोडलेली किंवा पतीपासून विभक्त झालेली असण्याच्या अटीवर होता. प्रभाची अवस्था यापेक्षा नेमक्या शब्दांत मांडणे कठीण आहे. घरात राहता येईल, घर मागता येणार नाही. आणि राहता येईल तेही लग्न झाले नाही म्हणून. सुतकाच्या मोजणीत आढळलेली अट येथे विधिनियमाच्या भाषेत परत येते. परंपरा आणि आधुनिक कायदा यांना परस्परविरोधी ध्रुव मानण्याची सवय समीक्षेला आहे. प्रभाच्या बाबतीत ते दोन्ही एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात.

त्रयी सलग रंगमंचावर आली त्याच वर्षी, म्हणजे १९९४ साली, महाराष्ट्राने या कायद्यात दुरुस्ती करून मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. अविवाहितपणाची अट येथेही एका रूपात उरलीच. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला आणि कलम २३ही रद्द केले. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामाईक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क मान्य केला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा सहदायादाचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे ज्या गोष्टीविषयी १९८५ सालचा वाडा गप्प आहे, ती गोष्ट पुढची पस्तीस वर्षे सार्वजनिक वादाचा विषय राहिली. साहित्यकृतीचे मौन अर्थपूर्ण असते असे समीक्षा नेहमी म्हणते. येथे त्या मौनाची व्याप्ती कलमानिशी दाखवता येते.

५

एलकुंचवारांच्या या नाटकाच्या संदर्भात चेकॉव्हचे नाव अपरिहार्यपणे घेतले जाते आणि तुलना होते ती 'चेरीची बाग' या १९०४ सालच्या नाटकाशी. मालमत्ता जाणार आहे, मालक निष्क्रिय आहेत, नवा धनिक वर्ग दाराशी आहे : साम्य उघड आहे. परंतु ही तुलनाही विघटनाच्या सूत्राचीच सोय करते, कारण तिच्यात लक्ष मालमत्तेवर आणि ती गमावणाऱ्यांवर राहते.

चेकॉव्हचे दुसरे एक नाटक या वाड्याला अधिक जवळचे आहे, ते म्हणजे १८९७ साली प्रसिद्ध झालेले 'वान्यामामा'. त्यात वान्या आणि त्याची भाची सोन्या वर्षानुवर्षे जमीनजुमला सांभाळतात आणि त्याचे उत्पन्न शहरात राहणाऱ्या प्राध्यापकाला, म्हणजे सोन्याच्या वडिलांना, पाठवतात. प्राध्यापक निवृत्त होऊन येतो आणि मालमत्ता विकून टाकण्याची योजना मांडतो. ती कायद्याने सोन्याची आहे, तिच्या आईकडून आलेली. ती घेता यावी म्हणून वान्याने स्वतःचा वारसाहक्क सोडला होता. राबणारा माणूस, लग्न न झालेली मुलगी, बाहेरून येऊन हिशेब मांडणारा आप्त : चंदू, प्रभा आणि सुधीर यांची ही मांडणी आहे.

साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. वान्या संतापाने फुटतो, आपल्या पंचवीस वर्षांच्या श्रमांचा हिशेब मागतो आणि पिस्तूलही झाडतो. नेम चुकतो ही गोष्ट वेगळी. चंदू काहीच झाडत नाही. त्याचे दुःख त्याच्या पायात साचते. युरोपीय नाट्यपरंपरेत घरातल्या उपेक्षिताला निदान एक स्वगत मिळते. वऱ्हाडातील या वाड्यात त्याला तेही मिळत नाही, कारण आपल्यावर अन्याय होत आहे असे म्हणण्यासाठी जी वेगळी 'मी'पणाची जागा लागते, ती धाकट्या भावाच्या भूमिकेत त्याला कधी दिलेलीच नाही. प्रभाजवळ ती जागा आहे, कारण तिने वाचले आहे. तिच्या वाट्याला कडवटपणा येतो, चंदूच्या वाट्याला निमूटपणा. शिक्षणाची इच्छा झाली होती एवढ्या फरकाने दोन भावंडांच्या दुःखाची भाषा बदलते, हे एलकुंचवारांनी अचूक टिपले आहे.

६

मराठी रंगभूमीने प्रौढांच्या सहनिवासाचा प्रश्न याआधीही हाताळला होता. १९७०च्या दशकाच्या तोंडावर आलेली तीन नाटके येथे आठवावीत. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये गणपतराव बेलवलकर निवृत्त होताना आपली मालमत्ता मुलगा आणि मुलगी यांना वाटून देतात आणि मग त्यांच्याच घरी आश्रितासारखे राहतात. हक्क हातून सुटताच जागाही सुटते, हा त्या नाटकाचा क्रम. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त वृद्ध दांपत्याजवळ हक्क आणि जागा दोन्ही आहेत, पण घरात दुसरे कोणी नाही. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त बाप आणि प्रौढ भावंडे एकाच घरात मालमत्तेसाठी एकमेकांचे लचके तोडतात, आणि अनौरस भाऊ रजनीनाथ याला त्याच घराच्या गॅरेजमध्ये राहावे लागते.

पहिली दोन नाटके प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली, तिसऱ्याने त्यांना अस्वस्थ केले. याचे कारण केवळ 'गिधाडे'तील हिंसेत नाही. 'नटसम्राट' आणि 'संध्याछाया' यांत उपेक्षित माणूस हा आईबाप आहे. त्याच्याविषयीची करुणा समाजमान्य आहे, आणि पुढे २००७ साली पालकांच्या निर्वाहाविषयी कायदा होण्याइतकी ती सर्वमान्य राहिली. भावाविषयी, बहिणीविषयी, लग्न न झालेल्या प्रौढ माणसाविषयी अशी तयार करुणा समाजाजवळ नाही. रजनीनाथच्या गॅरेजपासून चंदूच्या कोपऱ्यापर्यंत एक रेषा काढता येते. फरक इतकाच की तेंडुलकरांनी अनौरसाला बाहेर ठेवलेले दाखवले. औरस असूनही बाहेर राहता येते, हे एलकुंचवारांनी दाखवले. त्यामुळे 'वाडा चिरेबंदी'चे सामाजिक निरीक्षण अधिक खोल जाते आणि वरवर पाहता अधिक सौम्य वाटते.

७

असे असताना विघटनाचे वाचन इतके दृढ का झाले, या प्रश्नाचे एक उत्तर त्या वाचनाच्या कर्त्यांत शोधावे लागेल. त्यासाठी नागपूरकडे वळणे सोयीचे आहे.

नागपूर विभागातील मालगुजारी १९५१ साली संपली. वऱ्हाडात जमीनधारणेची पद्धत निराळी होती. पण विदर्भासाठीचा १९५८ सालचा कूळकायदा आणि १९६१ सालचा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा यांनी तेथील मोठ्या शेतकरी घराण्यांचाही पाया हलवला. त्याआधीपासूनच या घराण्यांतील मुलगे शिक्षणासाठी शहरात येत होते. हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, विद्यापीठ १९२३चे. गावी वाडा आणि नागपुरात बिऱ्हाड, ही विदर्भातील सुशिक्षित घरांची ओळखीची विभागणी. पुढे बिऱ्हाडाचे घर झाले. १९३६च्या कायद्याने आलेल्या सुधार प्रन्यासाच्या ले-आउटमधील भूखंडांवर बंगले उभे राहिले. खाली आईवडील आणि वर मुलगा-सून, दोन चुली पण एक फाटक, ही रचना सर्वत्र दिसू लागली. जनगणनेला ती दोन घरे, नात्याला एक कुटुंब. आता त्याच भूखंडांवर फ्लॅट स्कीम येत आहेत आणि बंगल्याच्या जागी कोणाच्या नावे किती खोल्या, हा प्रश्न नव्याने विचारला जात आहे.

नाटक पाहणारा, त्यावर लिहिणारा आणि ते शिकवणारा वर्ग बहुतांशी याच वाटेने आला. गावचा वाडा सोडून गेलेल्यांचा, म्हणजे सुधीरचा, हा वर्ग. सोडून गेलेल्याच्या डोळ्यांना वाडा अखंड दिसतो, कारण त्याच्या आठवणीतील वाडा सुट्टीतला असतो. त्या वाड्यात आत्या असते, काका असतो. ते कसे राहतात आणि कशावर राहतात हे भाच्या-पुतण्यांना विचारायचे नसते. विघटनाची हळहळ ही अशी गेलेल्यांची हळहळ आहे. राहिलेल्यांची भाषा तिच्यात ऐकू येत नाही. नाटकातील बोलींचा भेदही येथे लक्षात घ्यावा : घरातल्यांच्या बोलण्याला वऱ्हाडाचा स्पर्श आहे, अंजलीचे बोलणे शहरी आहे, आणि समीक्षेचे बोलणे अंजलीच्या बोलण्याला अधिक जवळचे आहे.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. नाटकाला हक्क-जागांच्या तक्त्यात बसवल्याने त्यातील काळाचे, मृत्यूचे, क्षयाचे चिंतन निसटते. दादीची वेळेची विचारणा ही वारसाहक्काची बाब नव्हे. आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्रयीच्या पुढच्या प्रवासात आहे. 'मग्न तळ्याकाठी'पासून नाटककाराची दृष्टी घराकडून अस्तित्वाकडे वळू लागते. 'युगान्त'मध्ये अवर्षणाने उजाड झालेल्या भूमीवर पराग आणि परदेशात राहून आलेला अभय या दोन चुलतभावांचा संवाद केंद्रस्थानी येतो. कोणी कोठे राहायचे, हा प्रश्न आता माणसाने या पृथ्वीवर कसे राहायचे, असा होतो. ही झेप मोठी आहे आणि तिच्यामुळेच ही त्रयी मराठी नाटकात एकमेव ठरते. परंतु तिची किंमतही नोंदवली पाहिजे. संपूर्ण मानवजातीच्या निवासाचा प्रश्न दोन पुतण्यांच्या तोंडी येतो, तेव्हा चुलता आणि आत्या यांचा प्रश्न सुटलेला नसतो; तो फक्त मागे पडलेला असतो. घराण्याचा वारसा पुरुषांकडून पुरुषांकडे गेला, तसा प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्याच वाटेने गेला. त्रयीची तत्त्वचिंतनात्मक उंची मान्य करूनही असे म्हणावे लागते की, पहिल्या नाटकाने उघडलेले एक दार पुढच्या दोहोंनी पूर्ण उघडले नाही.

८

समीक्षेपुढील काम या दाराशी सुरू होते. मराठी कथा, कादंबरी आणि नाटक यांतील कुटुंबचित्रणाचा अभ्यास 'एकत्र' विरुद्ध 'विभक्त' या जोडीत बराच काळ अडकला आहे. या जोडीत विवाहित जोडपे हे एकक धरलेले असते; जोडपी एकत्र राहिली की एकत्र, वेगळी झाली की विभक्त. ज्यांचे जोडपे झाले नाही, मोडले किंवा एकाच्या मृत्यूने संपले, अशी माणसे या मापनात शिल्लक म्हणून उरतात. साहित्यात मात्र ती शिल्लक नसतात. विधवा आत्या, नोकरी करून घर पोसणारी थोरली बहीण, घरातच राबणारा धाकटा काका, मुलांकडे आळीपाळीने राहणारी आजी : मराठी वाङ्मयाची कितीतरी पाने यांनीच व्यापलेली आहेत. एकक जोडप्याऐवजी प्रौढ व्यक्ती धरले, आणि ती कोणाच्या घरात, कोणत्या वयात, कोणत्या अटीवर राहते असे विचारले, तर ओळखीच्या कृतींची मांडणी बदलते.

'वाडा चिरेबंदी' हे या पद्धतीचे पहिले उदाहरण ठरण्याइतके समृद्ध आहे. त्याच्या शीर्षकातील 'चिरेबंदी' या शब्दाचा उपरोध बहुधा ढासळत्या भिंतींवरून समजावला जातो. भिंती ढासळत्या असल्या तरी त्या वाड्यात कोणाची जागा कोठे, हे ठरवणारी व्यवस्था मात्र तात्याजींच्या मृत्यूनंतरही जशीच्या तशी उभी राहते. त्या अर्थाने वाडा खरोखरच चिरेबंदी आहे, आणि चंदू व प्रभा त्याच्या आत आहेत.